मुंबई विद्यापीठ कोणाचे?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला पत्र पाठविले, की यंदाच्या मालेत मुंबई विद्यापीठावर बोला. मी त्यांना उलट कळविले, की आपला पत्ता चुकला असावा. ज्याने विद्यापीठाची एकही परीक्षा दिली नाही त्याने विद्यापीठावर काय बोलावयाचे? त्यावर त्यांचे उत्तर आले, "म्हणूनच तुम्ही बोला. ज्यांनी परीक्षा दिल्या ते दर वर्षी बोलतातच." तेव्हा आज माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले, तर त्यातला अर्धा दोष चिटणीसांचा आहे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

माझी हकीकत फार मोठी नाही. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; त्यांत आमच्या घरचा एक होता. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दिवसाची शाळा सुटली, पुढे रात्रशाळेत कशीबशी दहावी झालो, आणि नंतरचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि अशा व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत झाले. माझ्या आयुष्यात पदवी हा कागद आला नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर त्याची खंत करीत बसण्यात अर्थ नाही, आणि फुशारकी मारण्यात तर मुळीच नाही.

त्या संपातला एक प्रसंग मात्र सांगतो, कारण आजचा विषय माझ्यापुरता तेथूनच सुरू होतो. आझाद मैदानावरची एक सभा आटोपून वडील मला ओव्हल मैदानाकडे घेऊन गेले. समोर राजाबाई टॉवर. मी विचारले, "हे घड्याळ कोणाचे?" वडील म्हणाले, "युनिव्हर्सिटीचं. तिथं मोठ्या परीक्षा होतात." मी विचारले, "आपल्यातला कोणी गेला आहे का आत?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "कसा जाणार? आपला भोंगा नि हे घड्याळ एकाच वेळी वाजतं." त्या दिवसांत भोंगे बंदच होते. पण वडिलांचे म्हणणे मला पुढे पुष्कळ वर्षांनी उमगले. ज्या वेळी कॉलेजची घंटा होते त्याच वेळी ज्याला पाळीवर हजर राहावे लागते, त्याला विद्यापीठाचे दार उघडे असून काय उपयोग? हे दार कोणाकोणासाठी, केव्हा आणि कसे उघडत गेले, हाच विद्यापीठाचा खरा इतिहास आहे असे मी समजतो, आणि तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम जन्मकथा. १८५४ च्या जुलैत लंडनहून हिंदुस्थान सरकारला एक खलिता आला. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांच्या नावाने तो ओळखला जातो. हिंदुस्थानात विद्यापीठे काढावीत, असे त्यात सांगितले होते. त्याप्रमाणे १८५७ साली तीन कायदे झाले : जानेवारीत कलकत्त्याचा, १८ जुलैला मुंबईचा आणि सप्टेंबरात मद्रासचा. म्हणजे मीरत, दिल्ली आणि कानपूर पेटलेले असताना मुंबईत विद्यापीठाच्या कायद्यावर सही होत होती. सरकारला राज्य टिकवावयाचे होते, आणि राज्य चालविण्यासाठी इंग्रजी शिकलेली माणसेही हवी होती. उद्देश निर्मळ होता असे मी म्हणणार नाही. पण विहीर खणणाऱ्याचा हेतू काही असो, पाणी लागले म्हणजे ते गावाचे होते.

या विद्यापीठाचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. ते स्वतः शिकवीत नसे. शिकवावयाचे कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावयाचा, परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. गिरणीत कापड विणतो एक आणि ताग्यावर छाप मारतो दुसरा, तशीच ही व्यवस्था. हा छाप मारण्याचा स्वभाव मुंबई विद्यापीठाच्या अंगात जन्मापासून आहे. त्याचे गुण आणि दोष दोन्ही आपण आजवर भोगीत आहो.

१८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. सुमारे १३० मुले बसली, त्यांतली वीस-बावीस उतरली. १८६२ साली बी. ए. चे पहिले पदवीधर बाहेर पडले. ते किती असावेत? चार! महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाची हद्द त्या वेळी सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेली होती. एवढ्या मुलखातून चार पदवीधर! पण त्या चारांतले दोघे पुढे काय झाले ते आपण जाणता. एकाने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा पाया घातला. दुसऱ्याने संस्कृत विद्येच्या संशोधनात युरोपीय पंडितांच्या तोडीचे काम केले आणि पुढे तो याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पहिले हिंदी कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही याच विद्यापीठाचे पदवीधर होते.

आता इमारतीकडे वळू. आरंभी विद्यापीठाला स्वतःचे घर नव्हते. टाऊन हॉलमध्ये बिऱ्हाड होते. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ ही चार वर्षे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या व गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पुरातले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव दिले. पदवीदान सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी एक लाख दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, १८६५ साली प्रेमचंदांसकट मुंबईची अर्धी बाजारपेठ बुडाली. पण विद्यापीठाचे दान वाचले. नकाशे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढले. ते गृहस्थ मुंबईला कधीच आले नाहीत. सभागृह १८७४ साली पुरे झाले आणि २८० फूट उंचीचा मनोरा १८७८ साली.

दात्यांचा मान मोठाच आहे, आणि तो मी कमी करू इच्छीत नाही. ज्यांच्याजवळ पैसा आला त्यांतल्या सर्वांनी काही विद्यापीठाला दिला नाही. पण हिशेब मांडावयाचा तर पुरता मांडावा, ही आम्हा युनियनवाल्यांची खोड आहे. तो कापूस पेरला कोणी, वेचला कोणी, बैलगाडीने बंदरापर्यंत आणला कोणी, गोदीत गाठी उचलल्या कोणी, कुर्ल्याचा दगड फोडून पाठीवर वाहिला कोणी? त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत. मात्र एक गंमत आहे. त्या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे कोरून बसविले आहेत. मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्याच एका इंजिनियरने ते घडविले. अठरापगड माणसे मनोऱ्यावर उभी राहिली खरी. पण खाली सभागृहात त्यांच्यापैकी फारच थोड्यांची मुले झगा घालून बसली होती.

हे मी आज दीडशे वर्षांनंतर शहाणपणाने सांगतो आहे असे समजू नका. मनोरा पुरा होऊन चारच वर्षे झाली होती, तोच महात्मा फुले यांनी हंटर कमिशनपुढे हा सवाल उभा केला. ते साल १८८२. त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो. शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. आणि वर ओतलेली विद्या आपोआप खाली झिरपेल, ही सरकारची समजूत अनुभवाने खोटी ठरली आहे. जोतिरावांनी आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले. विद्येवर त्यांचा राग नव्हता; ज्याने पैसा भरला त्याच्या मुलाला ती मिळत नाही, यावर होता. विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत रोखठोक उत्तर त्या निवेदनात आहे.

विद्यापीठाच्या आतही झगडा चालूच होता. १८६० नंतरच्या दशकात देशी भाषांना अभ्यासक्रमातून बाजूला सारून संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषांना ती जागा देण्यात आली. ज्या प्रांताच्या करावर विद्यापीठ चालत होते, त्या प्रांताची भाषा विद्यापीठात चालत नव्हती! रानड्यांनी सिनेटमध्ये हा प्रश्न वर्षानुवर्षे धरून ठेवला. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. स्त्रियांची कथा अशीच. १८८३ च्या सुमारास त्यांना परीक्षांना बसता येईल असे ठरले, आणि त्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. म्हणजे दार आतून आपोआप उघडले असे कधी झाले नाही. बाहेरून कोणीतरी कडी वाजवीत राहिले आणि आतल्या एखाद्या सज्जनाने उठून ती काढली, असेच दर वेळी घडले.

कडी वाजविणाऱ्यांत एक नाव असे आहे, की ते घेताना माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, आमच्या गिरणगावात, रामजी सुभेदारांचे बिऱ्हाड होते. लहान जागा, तीतच संसार, तीतच अभ्यास. तेथला मुलगा भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाला आणि सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला. पुढे न्यूयॉर्क आणि लंडन. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आल्यावर या माणसाने आपल्या मूळ विद्यापीठाकडे पाठ फिरविली नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या दुरुस्ती विधेयकावर ते बोलले. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाने विद्या वाढत नाही आणि मागासलेल्या वर्गांना सिनेटवर जागा असल्याच पाहिजेत, असे दुहेरी म्हणणे त्यांनी मांडले. छाप मारणाऱ्या खात्याचे विणणारे खाते करा, आणि ते कोण चालवितो तेही पाहा, असा त्याचा माझ्या भाषेतला अर्थ.

आणि १९४६ साली बाबासाहेबांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज काढले. त्याचे वर्ग सकाळी भरत. का? नोकरी करणाऱ्या मुलाला वर्ग आटोपून कामावर जाता यावे म्हणून. माझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर तेथे होते. भोंगा आणि घड्याळ एकाच वेळी वाजतात ना? मग घड्याळाची वेळ बदला. एवढी साधी गोष्ट. पण ती सुचायला माणूस चाळीतून आलेला असावा लागतो.

मधल्या काळात विद्यापीठही शिकवू लागले होते. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांना आणून समाजशास्त्राचा विभाग काढला. पुढे तेथे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी एक पिढीच्या पिढी घडविली. १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. त्याचा आरंभच कापडाच्या रसायनशास्त्राने झाला, म्हणजे गिरण्यांच्या गरजेने झाला. तोच विभाग २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ म्हणून नाव कमावीत आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या विद्यापीठातून अनेक घरे वेगळी निघाली. १९४९ च्या सुमारास पुणे, गुजरात, कर्नाटक यांची विद्यापीठे झाली. थोरल्या भावाने वाटण्या करून द्याव्यात तसे झाले, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. मुंबईत दादरला कीर्ती कॉलेज १९५४ साली आणि परळला महर्षी दयानंद कॉलेज १९६२ साली निघाले. कॉलेज प्रथमच आमच्या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आले. फीची सवलत आली, राखीव जागा आल्या. १९७१ साली टपालाने शिक्षण देणारा विभाग सुरू झाला. बेस्टचा कंडक्टर, गोदीतला कारकून, दवाखान्यातली परिचारिका, लग्न होऊन शिक्षण तुटलेली बाई, अशी हजारो माणसे त्या वाटेने पदवीधर झाली. आमच्या युनियनमध्येच असे पाच-सहा जण आहेत. पाळी करून, मुलाबाळांना निजवून, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली त्यांनी अभ्यास केला. कोणी त्या पदवीला कमी लेखू लागला, तर मला तो माणूस विद्येच्या बाजूचा वाटत नाही. २००० साली मुणगे गावच्या दलित कुटुंबातले अर्थशास्त्रज्ञ डॉ. भालचंद्र मुणगेकर याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फुल्यांच्या निवेदनापासून हे अंतर ११८ वर्षांचे आहे.

आता आजची प्रतिष्ठा. कागदावर ती चांगली आहे. २०२१ साली राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने विद्यापीठाला वरची श्रेणी दिली, चारांपैकी ३.६५ गुण मिळाले. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सातशेहून अधिक कॉलेजे या छत्राखाली आहेत. फोर्टची इमारत २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. हे सर्व आनंदाचे आहे. परंतु २०१७ साली काय झाले तेही विसरून चालणार नाही. उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची नवी पद्धत पुरेशी तयारी न करता एकदम सर्व परीक्षांना लावली, लाखो उत्तरपत्रिका अडकल्या, निकाल महिनोन्‌महिने लांबले, मुलांचे पुढचे प्रवेश बुडाले, आणि अखेर ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. जे विद्यापीठ परीक्षा घेण्यासाठीच जन्माला आले, ते १६० व्या वर्षी परीक्षेतच अडखळले. दोष यंत्राचा नव्हता. नवे यंत्र आणताना ते चालविणाऱ्याला विचारावयाचे नाही, ही रीत गिरण्यांतही होती. परिणाम आम्ही पाहिलेले आहेत.

दुसरी गोष्ट. मोठी कॉलेजे एकेक करून बाहेर पडत आहेत. ज्या एल्फिन्स्टनमधून रानडे आणि आंबेडकर पदवीधर झाले, ते कॉलेज २०१९ पासून वेगळ्या समूह विद्यापीठात आहे. कित्येक नामवंत कॉलेजे स्वायत्त झाली. स्वायत्ततेला माझा विरोध नाही. पण संपन्न भाऊ वेगळे निघाले म्हणजे मूळ घरात कोण उरते, याचा विचार कोणी करावयाचा? उरतात ती कोकणातली, उपनगरांतली, कामगारवस्त्यांतली लहान कॉलेजे, जेथे घराण्यातले पहिलेच मूल शिकावयास येते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत अधिक लागते. गिरणीत 'बदली' कामगार असे. तो पाळीच्या वेळी दारावर येऊन उभा राही. कायम कामगार कोणी गैरहजर असला तर त्याला काम मिळे, नाही तर घरी परत. वर्षानुवर्षे लोक बदलीच राहत. आज आपल्या राज्यातल्या कॉलेजांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि त्यांवर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, माणसे नेमलेली आहेत. पीएच. डी. झालेला मनुष्य या कॉलेजात दोन तास आणि त्या कॉलेजात दोन तास असा लोकलने फिरतो. सुटी लागली की पगार बंद. माझ्याकडे असे एक तरुण गृहस्थ आले होते. इतिहास शिकवितात. मला म्हणाले, "दादा, मी वर्गात गिरणी कामगारांच्या चळवळीचा धडा शिकवतो, आणि धडा संपला की घड्याळ बघतो, माझा तास भरला की नाही ते." आम्हा दोघांनाही पुढे बोलवेना. ज्या विद्यापीठाचा शिक्षकच बदलीवर आहे, त्याची प्रतिष्ठा श्रेणीच्या अक्षरांनी किती दिवस टिकणार?

मग आपण काय करावयाचे? मी व्याख्यान देऊन उपदेश करून निघून जाणारा माणूस नव्हे; सभासद नोंदवून घेण्याची मला सवय आहे. विद्यापीठाच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडले जातात. मागील सिनेटची मुदत २०२२ साली संपली. निवडणूक लांबत लांबत २०२४ च्या सप्टेंबरात झाली. त्या मतदार यादीत नावे किती होती? तेरा हजारांच्या थोडी वर. या विद्यापीठाचे पदवीधर लाखांनी आहेत, या सभागृहातही शंभरावर असतील. आमच्याकडे एक म्हण पडली आहे, की ज्याने पावती फाडली नाही त्याने युनियनला शिव्या देऊ नयेत. आपण अर्ज भरून नाव नोंदवा. निवडणूक आली की उमेदवाराला दोन प्रश्न विचारा : रिकाम्या जागा कायमच्या केव्हा भरणार, आणि काम करून शिकणाऱ्याला वर्ग, ग्रंथालय व परीक्षा त्याच्या वेळेला केव्हा मिळणार? मला त्या यादीत नाव घालता येत नाही. आपल्याला येते.

शेवटी एकच सांगतो. विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांतल्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपल्या गावची ही मालाही त्याच वाटेवरची. मी पुष्कळदा विचार करतो, की विद्यापीठाची पदवी आणि इतका मान मिळालेल्या माणसाला रस्त्यावरच्या लोकांसाठी उन्हाळ्यात व्याख्याने मांडण्याची गरज का वाटली असेल? मला वाटते, चार जणांच्या त्या रांगेत उभे असताना, आपल्यामागे किती लोक उभे राहू शकले नाहीत, हे त्यांना दिसले असावे. मी त्या न आलेल्या लोकांतला एक. मला रानड्यांच्या पहिल्या विद्यापीठात जागा मिळाली नाही; या दुसऱ्या विद्यापीठात मिळाली, आणि आज येथे उभे राहून बोलण्याचा मानही मिळाला. माझी आपल्याजवळ एवढीच मागणी आहे, की पुढच्या मुलाला ही दोन विद्यापीठे वेगळी वाटू नयेत, असे काही आपल्या हातून व्हावे.